रात्री कोंबड्या कोण नेते ते ओळखून खुराड्याचा बंदोबस्त कसा करावा

शहादा तालुक्यातून एका ताईंनी विचारले आहे, की गोमाई नदीलगतच्या मळ्यात त्यांनी पाळलेल्या ३२ गावरान कोंबड्यांपैकी ११ कोंबड्या गेल्या तीन आठवड्यांत रात्रीच्या वेळी गेल्या. पहिल्या आठ-दहा दिवसांत एकेक करून चार नाहीशा झाल्या आणि मागे जेमतेम चार पिसे राहिली. त्यानंतर दोन कोंबड्या जाळीला लागून मेलेल्या सापडल्या. त्यांचे डोके व मान तेवढी खाल्लेली होती. शेवटी एका रात्री पाच कोंबड्या खळ्यात इकडेतिकडे फाडून टाकलेल्या आढळल्या आणि त्यांतली एकही खाल्लेली नव्हती. खुराडे तुऱ्हाट्यांच्या (तुरीच्या वाळक्या काड्यांच्या) कुडाचे आहे, वर पत्रा आहे, दर्शनी बाजूला कोंबडी जाळी आहे. उकाडा असह्य झाल्यामुळे महिनाभरापासून दार उघडेच ठेवून त्यापुढे एक डालगे, म्हणजे मोठी टोपली, आडवे लावले जाते. विषाचे आमिष ठेवावे की जाळीत वीज सोडावी, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

या दोन्हींपैकी काहीही करू नये, हे उत्तर आधी देऊन टाकतो; त्याची कारणे पुढे येतील. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सारी नोकरी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत गेली. निवृत्तीनंतर शिरपूरजवळच्या शेतात मी स्वतः पन्नास-साठ कोंबड्या पाळतो, आणि त्यांतल्याही काही रात्री गेलेल्या आहेत, तेव्हा हे दुःख मला दुरून माहीत आहे असे कोणी समजू नये. ताईंनी जे वर्णन केले आहे त्यावरून त्यांच्याकडे एक नव्हे, तीन वेगवेगळे प्राणी येऊन गेले असावेत. तिघांच्या सवयी निराळ्या आहेत, मात्र तिघांनाही सापडलेली वाट एकच आहे, आणि ती उन्हाळ्याने उघडून दिलेली आहे. आपल्या भागातल्या खुराड्यांची खरी अडचण हीच आहे: दार लावले तर कोंबड्या उष्म्याने मरतात आणि उघडे ठेवले तर जनावर नेते.

प्रथम प्राण्यांविषयी. कोंबडी गेली की गावात पहिले नाव मुंगसाचे घेतले जाते. मुंगूस कोंबड्या मारतो, पिल्ले आणि अंडी तर नेतोच. पण तो दिवसा फिरणारा प्राणी आहे. सूर्य मावळल्यावर तो बिळात जातो. दुपारी तीन वाजता बांधावर चरणारी कोंबडी ओरडली तर मुंगसावर संशय घ्यावा. पहाटे खुराडे रिकामे दिसले तर त्याला सोडून द्यावे आणि खरा गुन्हेगार शोधावा.

एकेक कोंबडी उचलून, फारसा आवाज किंवा रक्त न सांडता नेणारा प्राणी बहुधा रानमांजर किंवा कोल्हा असतो. रानमांजर नदीकाठचे लव्हाळे, ऊस आणि केळीच्या बागा यांत राहते, घरच्या मांजरापेक्षा पायांनी उंच असते आणि त्याची शेपटी आखूड व कड्याकड्यांची असते. त्याचे मुख्य खाद्य उंदीर आहे. त्यामुळे कापूस वेचून झाला, गहू निघाला आणि शेते मोकळी झाली, की त्याची भूक वस्तीकडे वळते. कोल्हा कोंबडी तोंडात धरून सरळ शेताच्या दिशेने पळतो, म्हणून पिसे खुराड्यापासून बांधापर्यंत एका रेषेत पडलेली दिसतात. मांजर नेते तेव्हा पिसे एका जागी, आडोशाला, झुडपाखाली सापडतात. सातपुड्याच्या पायथ्याला क्वचित वाघाटीही येते. ती घरच्या मांजराहून लहान असल्यामुळे पिलांवर आणि तलंगांवरच (वयात येऊ लागलेल्या कोंबड्यांवरच) तिचा डोळा असतो.

डोके आणि मान खाऊन बाकीची कोंबडी तशीच जाळीशी टाकलेली असेल, तर तो प्राणी आत आलेलाच नाही, असे बहुतेक वेळा निघते. त्याने बाहेरूनच जाळीच्या भोकातून पंजा घातला, जाळीला टेकून झोपलेली कोंबडी ओढली आणि भोकातून जेवढी बाहेर आली तेवढी खाल्ली. हे काम उदमांजराचे किंवा रानमांजराचे असते. उदमांजर हा मुळात फळे खाणारा प्राणी आहे. बोरे, उंबरे, जांभळे यांच्या बियांनी भरलेली त्याची विष्ठा पत्र्यावर किंवा भिंतीच्या माथ्यावर पडलेली दिसते, आणि केळीच्या पट्ट्यात तर पिकलेल्या घडांसाठी ते हमखास येते. एकदा का ते केळीच्या निमित्ताने मळ्यात रुळले, की खुराड्याचा वास त्याला लागतोच. ते झाडावर आणि पत्र्यावर सहज चढते, त्यामुळे भिंत कितीही उंच केली तरी त्याला अडचण होत नाही.

एका रात्रीत अनेक कोंबड्या मारून, खाल्ल्याशिवाय पसरून टाकणे हे कुत्र्यांचे लक्षण आहे. रानातला प्राणी सहसा एका जेवणापुरते घेऊन निघून जातो. गावातली भटकी कुत्री मात्र टोळीने येतात, धावणाऱ्या कोंबडीमागे लागतात आणि खेळात मारत सुटतात. हे वाचून ताईंना वाईट वाटेल, पण त्या पाच कोंबड्या बहुधा गावच्याच कुत्र्यांनी मारल्या आहेत, आणि बिबट्या आला अशी जी बातमी गल्लीत फिरली असेल ती फार मनावर घेऊ नये.

पिल्लेच तेवढी जात असतील, अंडी ओढून नेलेली दिसत असतील, किंवा झोपलेल्या कोंबडीचे पाय कुरतडलेले असतील, तर खाली घूस आहे. साक्री तालुक्यातल्या एका वस्तीवर मी एकदा गेलो होतो. तिथल्या म्हातारबाबांनी सकाळी मला थेट खुराड्यापाशी नेऊन "रातले काय उनं व्हतं, काय ठाऊक" (रात्री काय आले होते कोण जाणे) असे म्हणत रिकामी पाटी, म्हणजे टोपली, दाखवली. आदल्या संध्याकाळी तीत १४ पिल्ले होती. सगळ्यांनी मिळून सापावर शिक्कामोर्तब केलेले होते. आम्ही खुराड्याची एक फरशी उचलली, तर खाली पोकळ झालेल्या मातीत घुशीचे बीळ आणि त्यात सहा पिलांचे पाय व पंख निघाले. सापाने नेले असते तर काहीच मागे राहिले नसते, कारण साप सगळे गिळतो. क्वचित मोठे पिल्लू गिळता न आल्याने तो ते ओकून टाकतो. अशा मेलेल्या पिलाचे डोके व मान ओली, चिकट आणि पिसे एकाच दिशेने चोपडलेली दिसतात.

घुबडाची बदनामी फार होते. गव्हाणी घुबड उंदीर खाते आणि शेतकऱ्याचे भलेच करते. मोठे शृंगी घुबड मात्र कडुलिंबावर झोपलेल्या तलंगीला उचलू शकते, म्हणून आमची कोंबडी झाडावरच निजते, तिला काही होत नाही, या भरवशात राहू नये.

एवढ्यावरही उलगडा होत नसेल, तर दोन रात्री एक साधी गोष्ट करावी. खुराड्याभोवती तीन फूट रुंदीचा पट्टा झाडून घ्यावा आणि त्यावर चुलीची चाळलेली राख किंवा बारीक फुफाटा पातळ पसरावा. सकाळी झाडू लागण्यापूर्वी ठसे पाहावेत. मांजराच्या ठशात चार बोटे असतात, ठसा गोल असतो आणि नखे उमटत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या ठशात चार बोटांपुढे नखांची टोके उमटतात. कोल्ह्याचा ठसा अरुंद व लांबट असतो. उदमांजराच्या ठशात पाच बोटे दिसतात. ठशांची एक रांग कुठून आली आणि कुठे थांबली हे पाहिले, की कोणते भोक बुजवायचे ते वेगळे विचारावे लागत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे मी अनेकदा चुकीच्या तक्रारीवर फेऱ्या मारल्या आहेत. सकाळी कोंबड्या मेलेल्या आहेत पण अंगावर जखम नाही, मान वाकडी झाली आहे, हिरवट हगवण आहे, असे दिसले तर ते जनावराचे काम नसून राणीखेत, म्हणजे मानमोडी, या रोगाचे असण्याची शक्यता जास्त असते. "मान मुरगळून टाकली" असे लोक म्हणतात, आणि त्या नादात लसीकरण राहून जाते. जखमेवाचून एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने न शिवता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. बर्ड फ्लूची देशातली पहिली नोंद २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला झाली होती आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला, हे खानदेशातल्या कोंबडीपालकाने विसरण्यासारखे नाही.

आता खुराड्याकडे वळतो. अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवसा घारीची सावली पडली तरी झुडपात शिरणारी चपळ गावरान कोंबडी रात्री हाताने उचलली तरी हलत नाही. त्यामुळे आत शिरलेल्या जनावरापासून ती स्वतःला वाचवील अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. रात्रीचे सगळे संरक्षण भिंतीने, जाळीने आणि कडीनेच करायचे असते.

बाजारात कोंबडी जाळी या नावाने मिळणारी षटकोनी, पातळ तारेची जाळी कोंबड्या आत ठेवण्यासाठी असते. जनावर बाहेर ठेवण्याचे बळ तिच्यात नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, दोन पावसाळ्यांत ती गंजते, आणि तिच्या भोकांतून उदमांजराचा पंजा सहज आत येतो. खालच्या तीन फुटांपर्यंत तरी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डेड जाळी लावावी. अर्ध्या इंचात घुशीचे तोंड शिरत नाही, मांजराचा पंजा शिरत नाही आणि मोठा साप अडतो. वरच्या भागाला एक इंचाची वेल्डेड जाळी चालते, पण ज्यांना परवडते त्यांनी सगळीकडे अर्ध्या इंचाचीच घ्यावी. जाळी लाकडाला बारीक किंवा वाकवलेल्या खिळ्यांनी न ठोकता तिच्या कडेवर लाकडी पट्टी किंवा लोखंडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळावी. जाळी फाटत नाही तिथे जनावर ती कडेने उचकटते. माझी स्वतःची पहिली जाळी अशीच कोपऱ्यातून सोलली गेली होती, आणि त्या वेळी मी ती इतरांना कशी लावावी हे सांगत गावोगाव फिरत होतो.

शेडनेट किंवा नायलॉनची जाळी रात्रीच्या बंदोबस्तासाठी मोजूच नये. घूस ती एका रात्रीत कुरतडते आणि सापाचे अंग तिच्यात अडकून भलताच प्रसंग उभा राहतो.

तळाचा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि आपल्या भागात तो अधिक अवघडही आहे. तापी, गोमाई, पांझरा यांच्या काठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. या भेगांत कधीकधी हात जातो. डिसेंबरात चोख बांधलेले खुराडे एप्रिलमध्ये पाहावे तर भिंतीच्या बुडाशी फट पडलेली असते, आणि त्या फटीतून घूस, साप, कधी मांजरही आत जाते. नुसती जमीन सारवून हे थांबत नाही. शक्य असेल तर खुराड्याखालची काळी माती दीड फूट काढून तिथे मुरूम भरावा, तो पाणी मारून धुमसावा आणि वर दोन इंचांचा कोबा करावा. हे जमत नसेल तर जाळी भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून तिच्यावर सहा इंच माती व दगड टाकावेत. उकरणारे जनावर नेहमी भिंतीला चिकटूनच उकरते. त्याच्या पंजाला आडवी जाळी लागली की दोन पावले मागे जाऊन उकरावे हे त्याला सुचत नाही. खर्च आणि फायदा यांचा हिशेब केला, तर सगळ्या उपायांत मला हा सर्वांत स्वस्त वाटतो.

भिंती तुऱ्हाट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) असल्या तरी हरकत नाही. शेणमातीने दोन्ही बाजूंनी लिंपलेला कूड विटेच्या भिंतीपेक्षा थंड राहतो. फक्त त्याचा खालचा दोन फुटांचा भाग विटेचा किंवा दगडाचा असावा, कारण कुडाला पहिली घूस तिथेच लागते.

उष्म्याचा प्रश्न आता घेऊ. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि शहादा-शिरपूरकडेही फार वेगळे नसते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१-४२ अंश असते आणि चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा उपाय असतो. पत्र्याखाली दिवसभर कोंडलेली उष्णता रात्रीही लवकर निघत नाही. अशा खुराड्याचे दार लावून घेतले तर कोंबड्या गुदमरतात, हे ताईंचे निरीक्षण अगदी खरे आहे. तेव्हा दार उघडण्याऐवजी भिंत उघडावी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन अरुंद बाजूवर पडते. पश्चिमेची भिंत भरीव असावी. उत्तर आणि दक्षिण या लांब बाजूंना कमरेच्या वर पूर्ण जाळी असावी. पत्रा आणि भिंतीचा माथा यांच्यामध्ये चहूबाजूंनी फूटभर मोकळी जागा सोडून तीही अर्ध्या इंचाच्या जाळीने बंद करावी. गरम हवा वरूनच निघते आणि हीच जागा लोक सर्वांत आधी बुजवून टाकतात. पत्र्यावर चुन्याचा जाड हात मारावा आणि त्यावर पऱ्हाट्या, उसाचे पाचट किंवा केळीची वाळलेली पाने सहा इंच जाडीने पसरून दोरीने बांधावीत. संध्याकाळी जाळीवर ओले गोणपाट सोडले तर आतली हवा निवते. मात्र गोणपाट जाळीच्या बाहेरून सोडावे आणि कोंबड्या झोपल्यावर वर गुंडाळावे, नाहीतर वारा अडून दमटपणा वाढतो.

जागाही पुरेशी असली पाहिजे. ३० गावरान कोंबड्यांना रात्रीपुरते साधारण ६४ चौरस फुटांचे खुराडे लागते, म्हणजे प्रत्येकीला साधारण दोन चौरस फूट. झोपण्यासाठी प्रत्येक कोंबडीला दांड्यावर आठ इंच जागा धरली, तर सात-सात फुटांचे तीन दांडे पुरतात. सगळे दांडे एकाच उंचीवर, जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर असावेत; पायऱ्यांसारखे ठेवले तर वरच्या दांड्यासाठी रोज संध्याकाळी भांडण होते आणि हरलेली कोंबडी जाळीपाशी जाऊन बसते. कडेचा दांडा कोणत्याही जाळीपासून किमान सव्वा फूट आत हवा. ज्या दोन कोंबड्या डोके खाल्लेल्या सापडल्या, त्या दांडा जाळीला खेटून बांधल्यामुळे गेल्या असाव्यात. एवढा एक दांडा सरकवण्यास पंधरा मिनिटे लागतात आणि ते काम ताईंनी आजच करावे.

दाराविषयी लोक फार निष्काळजी असतात. दार चौकटीला सगळीकडून नीट टेकणारे असावे, खालची फट बोटभरापेक्षा जास्त नसावी आणि कड्या दोन असाव्यात, एक वर आणि एक खाली. एकाच मधल्या कडीचे दार खालच्या कोपऱ्यातून वाकते आणि कुत्रा नाक घालून ते आणखी वाकवतो. नुसती फिरणारी लाकडी खिटी उदमांजर ढकलून उघडू शकते. कडी-कोयंड्यात एक खिळा किंवा तारेचा आकडा अडकवावा. पितळी कुलूप लावले तर हरकत नाही, पण मग किल्ली कोणाकडे राहील ते ठरलेले हवे. संध्याकाळी किल्ली सापडली नाही म्हणून उघडे राहिलेले खुराडे मी पाहिलेले आहे.

सर्वांत जास्त कोंबड्या ज्या चुकीमुळे जातात ती चूक मात्र लोखंडाची किंवा लाकडाची नसते. संध्याकाळी मोजणी होत नाही. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या आत. कोंबड्या घड्याळ न पाहता उजेड पाहून आत येतात, पण घरातला माणूस घड्याळाप्रमाणे दार लावतो. हिवाळ्यात कापूस वेचणी चालू असते, घरचे शेतातून उशिरा येतात, सालदार गुरांच्या मागे असतो, आणि अंधार पडून अर्धा-पाऊण तास खुराडे उघडे राहते. कोल्ह्याची फिरण्याची वेळ तीच असते. ज्याच्याकडे दार लावण्याचे काम आहे त्याने दिवेलागणीच्या वेळी मूठभर ज्वारी किंवा बाजरी खुराड्याच्या आत टाकावी, ठरावीक हाक मारावी आणि मोजून दार लावावे. आठ दिवसांत कोंबड्या हाक ओळखतात. एक कमी भरली तर ती बहुधा खुडूक असते आणि कडब्याच्या गंजीत किंवा सरपणाच्या ढिगाऱ्यात अंडी घालून बसलेली असते. तिला तशीच राहू दिले तर २१ दिवस एकाच जागी बसलेली कोंबडी कोणत्या ना कोणत्या जनावराला सापडल्याशिवाय राहत नाही. रात्री अंड्यांसह उचलून तिला खुराड्यातल्या पाटीत बसवावे. अंधारात हलवलेली खुडूक कोंबडी सहसा अंडी सोडत नाही.

झाडावर झोपण्याची सवय असलेल्या कोंबड्या आणखी त्रास देतात. त्यांना दोन आठवडे संध्याकाळी चार वाजताच दाणा टाकून आत कोंडावे, आणि मोकळे सोडताना सकाळी उशिरा सोडावे. जी तरीही ऐकत नाही तिच्या एका पंखाची लांब पिसे कापावीत. हे काम कठोर वाटते, पण पिसे पुन्हा येतात.

परिसराविषयी थोडे. खुराड्याभोवती दहा फुटांपर्यंत गवत, पाचट आणि भंगार असू नये, कारण उघड्या जागेतून चालत यायला रानमांजर आणि कोल्हा दोघेही बिचकतात. पत्र्यावर टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. सांडलेला दाणा रात्री झाडून घ्यावा. दाण्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मेलेली कोंबडी आणि कापलेल्या कोंबडीची आतडी उकिरड्यावर टाकली की कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना तो पत्ता कायमचा कळतो. तीन फूट खड्डा करून, वर चुना टाकून ती पुरावीत. खळ्याच्या कडेने बाभळीच्या काट्यांचे जुने कुंपण असेल तर ते मोडू नये. कुत्र्यांच्या टोळीला ते चांगले रोखते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दिवे, रेडिओ, लुकलुकणारे सौर कंदील, राजहंस, गिनी कोंबड्या यांविषयी नेहमी विचारले जाते. दिव्याला जनावर आठवड्याभरात सरावते. राजहंस आणि गिनी कोंबड्या गोंगाट करून जागे करतात, त्याचा उपयोग आहे, पण उठून जाणारे कोणी घरात असेल तरच. लहानपणापासून कोंबड्यांत वाढवलेला घरचा कुत्रा या सगळ्यांपेक्षा बरा. फिनाईल, लसूण किंवा घासलेट शिंपडल्याने साप येत नाहीत, हा समज खोटा आहे, आणि त्याच्या भरवशावर अंधारात अनवाणी खुराड्यात जाणारी माणसे मला अधिक धोक्यात दिसतात. नाग, मण्यार, घोणस हे तिन्ही आपल्याकडे आहेत. पाटीत हात घालण्यापूर्वी बॅटरीने आत पाहावे आणि पायांत बूट असावेत. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे, कारण सर्पविषावरचे औषध तिथेच मिळते.

विष आणि वीज यांविषयी आता सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानमांजर, कोल्हा, उदमांजर, मुंगूस हे संरक्षित प्राणी आहेत आणि या कायद्यात विष घालणे, फासा लावणे व सापळ्यात पकडणे हे सगळे शिकारीतच मोजले जाते. कायदा बाजूला ठेवला तरी कीटकनाशक लावलेले मांस कोण खाईल हे ठेवणाऱ्याच्या हातात नसते. घरचा कुत्रा खातो, शेजाऱ्याचे मांजर खाते, मेलेला उंदीर गव्हाणी घुबड खाते, आणि ज्या अंगणात लहान मूल रांगते तिथे तो तुकडा सकाळपर्यंत पडून राहतो. जाळीत घरातली वीज सोडणे तर सरळ मनुष्यवधाला निमंत्रण आहे. आपल्याकडे पिकाला पाणी भरायला शेतकरी रात्रीच्या विजेवर शेतात जातो. तो किंवा त्याचा पोरगा त्या तारेला लागला तर कोणती कोंबडी परत मिळणार आहे? शिवाय रानमांजर मारले, तर ते खात असलेले उंदीर पुढच्या हंगामात धान्याच्या पोत्यांत भेटतात.

बिबट्याचा खरोखर संशय असेल, म्हणजे गुरांच्या वासरावर किंवा कुत्र्यावर हल्ला झाला असेल, मोठे ठसे दिसले असतील, तर रात्री शोधायला जाऊ नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. यावल, चोपडा, अक्कलकुवा, धडगाव या सातपुड्याच्या बाजूला आणि चाळीसगावला गौताळा अभयारण्याच्या बाजूला अशा वेळी खुराडे घराच्या भिंतीला लागून असण्याचा फायदा होतो. शेताच्या टोकाला एकट्या पडलेल्या खुराड्याचा बंदोबस्त कोणालाच नीट करता येत नाही.

ताईंच्या बाबतीत क्रम असा ठेवावा. आज संध्याकाळी डालगे बाजूला करून दार लावावे, दांडा जाळीपासून आत सरकवावा, आणि उकाडा कमी व्हावा म्हणून कुडाच्या वरचा फूटभर भाग उत्तर आणि दक्षिण बाजूने कापून तिथे जाळी बसवावी. जाळी आणायला दोन दिवस लागत असतील तर तेवढ्या रात्री उरलेल्या २१ कोंबड्या घराच्या ओसरीत पाट्यांखाली ठेवाव्यात आणि प्रत्येक पाटीवर दगड ठेवावा. या आठवड्यात समोरची कोंबडी जाळी काढून वेल्डेड जाळी लावावी. मुरूम आणि कोब्याचे काम पहिला पाऊस पडण्याआधी उरकावे. काळी माती एकदा भिजून फुगली, की नंतर केलेला कोबा पुढच्या उन्हाळ्यात तडकतो.

फाडाफाडीतून एखादी कोंबडी जखमी होऊन वाचली असेल, तर जखमेभोवतीची पिसे कापून कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि ती भरेपर्यंत तिला इतरांपासून वेगळ्या, अंधाऱ्या पाटीत ठेवावे, कारण रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्याच तिला टोचून मारतात. उन्हाळ्यात जखमेवर माश्या बसून दोन दिवसांत अळ्या होतात, तेव्हा रोज सकाळी जखम उघडून पाहावी. घाबरलेल्या कळपाची अंडी आठ-पंधरा दिवस कमी होतात. त्यासाठी औषध आणू नये, दाणा आणि पाणी नेहमीप्रमाणे द्यावे आणि वाट पाहावी.